शुक्रवारची शांत झोप

बातमीदारांनी शुक्रवारची रात्र मागून घेतली ती सकाळच्या चहाच्या वेळी. थाट असा, की जणू कुणी त्यांना सरहद्दीवर पाठवत होतं आणि त्यांनी फक्त टोपी तेवढी मागितली.

घडलं होतं ते एवढंच. त्यांच्या लेकीनं चहाचं पातेलं गॅसवर ठेवायच्या ऐवजी फ्रीजमध्ये ठेवलं, दार लावलं, आणि उकळी यायची वाट बघत फ्रीजसमोर उभी राहिली.  दोन-तीन मिनिटांनी तिच्या आईनं मुकाट्यानं पातेलं बाहेर काढलं.

"काल किती वाजता उठली होती?" बातमीदारांनी विचारलं.

"एक पन्नासला. परत झोपली तीन चाळीसला."

"ती झाली ती. आणि तू?"

"मी आत्ता झोपत होते बाबा. आईनं फ्रीज उघडला."

जी उठली होती तिचं घरातलं नाव मुंगी. वय वर्षं पाच. डॉक्टरांच्या कागदावर ऑटिझम असा शब्द होता. घरच्यांच्या लेखी ती भिंतीला धरून चालणारी, बाटल्यांची झाकणं रांगेत लावणारी आणि अकरा शब्द बोलणारी नात होती (अकरातले चार शब्द झाकणांच्या रंगांचे). बाप बोटीवर नोकरीला, एका वेळी सहा-सहा महिने पाण्यावर. त्यामुळे गेली दोन वर्षं रात्रीचा एक पन्नासचा मुहूर्त एकट्या आईच्या वाट्याला येत होता.

मूल झोपत नाही म्हटलं की सगळ्या जगाला कंठ फुटतो. शेजारीण म्हणाली, दिवसा दमवा. लेकीच्या प्रयोगशाळेतला साहेब म्हणाला, लाड कमी करा. एक लांबचे काका म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. (होतं. तेव्हा काका झोपलेले असायचे आणि काकू जाग्या असायच्या.) या सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही, आज रात्री मी बसतो, तू झोप, असं म्हटलं नव्हतं. बातमीदारांना या गोष्टीचा मनस्वी संताप होता. सगळ्यांना सुनावून झाल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही तसं कधी म्हटलेलं नाही.

"शुक्रवारची रात्र माझी," ते म्हणाले. "चौतीस वर्षं पेपरात रात्रपाळी केली आहे मी. तू मागच्या खोलीत आईजवळ झोप. कानात कापूस घाल."

"तुम्ही रात्रपाळी केली तेव्हा चार जण तुम्हाला हलवून उठवायला होते," बायको म्हणाली.

बातमीदारांनी या विधानावर प्रतिक्रिया देण्यास नकार दिला.

त्याच आठवड्यात झोपेच्या बाई आल्या. त्या ऑटिझमच्या केंद्रातून यायच्या, अशा मुलांच्या झोपेचंच काम करायच्या, आणि स्वतः बऱ्याच झोपलेल्या दिसायच्या, त्यामुळे विश्वास बसायचा. त्यांनी भिंतीवर सहा चित्रं लावली: आंघोळ, रात्रीचे कपडे, दात, पुस्तक, दिवा, अंथरूण. रोज हाच क्रम. मधे उठली तर मोठा दिवा नाही, गप्पा नाहीत, खेळ नाही. हलक्या आवाजात एकच वाक्य, "आता रात्र आहे, झोपायचं," आणि तिला परत अंथरुणाकडे न्यायचं.

"याला आधार काय?" बातमीदारांनी विचारलं.

"कशाला?"

"तुम्ही सांगताय त्या सगळ्याला."

"आधार तुम्हीच देणार आहात," म्हणत बाईंनी पिशवीतून एक वही काढली. दिवा कधी मालवला, झोप कधी लागली, जाग कधी आली, तुम्ही काय केलंत, परत कधी झोपली, असे रकाने. "तीन आठवडे एकही रात्र न चुकता लिहा. लहान मुलांच्या डॉक्टरांची वेळ चार महिने थांबून मिळाली आहे, ती पुढच्याच महिन्यात आहे. ही वही बघून ठरवू, त्यांच्याकडे काय घेऊन जायचं ते."

बातमीदारांनी वही उलटसुलट करून पाहिली. "यात लिहिणाऱ्याचं नाव कुठे आहे?"

"बाजूला लिहा कुठेतरी."

"बातमीला नाव हवं. उद्या चुकली तर कुणाला धरणार?"

बाई हसल्या. (पुढे हे वाक्य दोघांनाही आठवणार होतं, पण तेव्हा हसल्या.)

बाई गेल्यावर बातमीदारांनी भिंतीवरचं पुस्तकाचं चित्र काढून सगळ्यात वर लावलं. महत्त्वाचं आधी, ही त्यांची जुनी शिस्त. मुंगीनं सहाही चित्रं काढली, पहिल्यासारखी लावली, आणि मग आजोबांचे दोन्ही हात धरून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवले. हात तिथेच ठेवा, असा त्याचा अर्थ होता.

पहिला शुक्रवार. मुंगीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची, शेजारी छोटं टेबल, टेबलावर दिवा, थर्मास, वही, पेन्सिल. बाहेरच्या दाराला वरची कडी, स्वयंपाकघराला कुलूप. खुर्चीच्या वर भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात गाजलेल्या बातमीचं कात्रण होतं: 'गोदामाचे पहारेकरी झोपेत, नोंदवही मात्र जागी'. पहारेकऱ्यांनी रात्री दोन वाजताच पहाटे पाचपर्यंतच्या फेऱ्या वहीत भरून ठेवल्या होत्या, आणि बातमीदार दोन वाजता तिथे जाऊन उभे राहिले होते. तिघांची नोकरी गेली. शहर आठवडाभर तेच बोलत होतं.

साडेनऊला मुंगी झोपली. नोंद झाली. अकरा वाजून दहा मिनिटांनी बातमीदारांनी अग्रलेख वाचायला घेतला. ही चूक होती. (अग्रलेख वाचून जागा राहिलेला माणूस त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.)

डोळे उघडले तेव्हा सहा वाजले होते. दिवा मालवलेला होता. वर्तमानपत्र छातीवर चादरीसारखं पसरलेलं. चष्मा टेबलावर, दांड्या नीट मिटलेल्या. चपला जोडीनं शेजारी शेजारी, एकीत हिरवं झाकण. माणसाच्या अंगी शिस्त असली की ती झोपेतही सुटत नाही, असं त्यांना वाटलं आणि जरा बरंही वाटलं. आत डोकावले तर मुंगी गाढ झोपलेली.

मागच्या खोलीचं दार वाजलं. लेक उठली होती. वहीचे तीन रकाने कोरे होते.

बातमीदारांनी परिस्थितीचा धंदेवाईक नजरेनं विचार केला. साडेनऊला मूल झोपलेलं, हे त्यांनी स्वतः पाहिलं. सहाला झोपलेलं, हेही पाहिलं. मधल्या काळात काही घडल्याची कुठूनही खबर नाही. कुणी इन्कारही केलेला नाही. त्यांनी लिहिलं: "रात्रभर शांत झोप. जाग नाही."

"नाही उठली?" लेक म्हणाली. तिचा चेहरा असा काही झाला की आता सत्य सांगणं म्हणजे तिच्या हातातलं ताट काढून घेणं होतं.

"नाही," बातमीदार म्हणाले.

दुसऱ्या शुक्रवारीही तसंच झालं. यावेळी चपलेत लाल झाकण होतं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी रात्री दहालाच, पेन्सिल हाताशी होती म्हणून, "रात्रभर शांत झोप. जाग नाही" लिहून टाकलं आणि वही मिटली. वर चौकटीतलं कात्रण होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

गुरुवारी बाई वही बघायला आल्या. चौघं टेबलाशी बसले. मुंगी भिंतीशी झाकणं लावत होती. बाईंनी आलेख काढून आणला होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार: जाग, जाग, जाग, जाग. शनिवार, रविवार: जाग. आणि मधे शुक्रवार, सपाट मैदानासारखा.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही नेमकं करता काय?"

इथे थांबता आलं असतं. पण समोर कुणी कौतुकानं पेन उघडून बसलं असताना न बोललेला बातमीदार अजून जन्माला यायचा आहे.

"विशेष काही नाही," ते म्हणाले. "मी अस्वस्थ होत नाही. बसून राहतो. हालचाल कमीत कमी. मुलाला ते कळतं."

"आवाज?"

"एका लयीत."

"तो मला मागच्या खोलीत ऐकू येतो," बायको म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं.

त्यातून पुढचं घडत गेलं. बाई म्हणाल्या, हे फार मोलाचं आहे. रविवारी केंद्रात पालकांची बैठक आहे, तिथे आजोबांनी दहा मिनिटं बोलावं. आणि मूल एका माणसाजवळ रात्रभर झोपतं म्हणजे शरीरात काही अडचण नसावी, सगळा प्रश्न पद्धतीचा आहे. तेव्हा डॉक्टरांची ती वेळ सोमवारी फोन करून सोडून देऊ, दुसऱ्या एखाद्या मुलाला मिळेल. आता सगळ्या रात्री शुक्रवारसारख्या करायच्या.

लेक आलेखाकडे बघत होती.

"म्हणजे माझंच काहीतरी चुकतं," ती म्हणाली.

"असं नाही हं," बाई म्हणाल्या.

"नाही, बरोबर आहे. मी अस्वस्थ असते. परवा मी तिच्यावर ओरडले. तिला कळत असणार." तिनं आलेखाची कड बोटानं सरळ केली. "मी शिकेन. बाबा, मला दाखवा तुम्ही कसं बसता."

बातमीदारांनी आयुष्यात मंत्र्यांना घाम फोडला होता. त्या दुपारी मात्र ते न सांगता फिरायला निघून गेले आणि चप्पल न घालता गेल्याचं त्यांना कोपऱ्यावर कळलं.

चौथ्या शुक्रवारी त्यांनी अग्रलेख घरात येऊच दिला नाही. पाय पाण्याच्या बादलीत ठेवून बसले. बारा वाजले, एक वाजला. समोर करायला काही नसलं की माणूस वर बघतो, तसं त्यांनी कात्रणाकडे पाहिलं. त्यात नसलेली एक ओळ त्यांना आठवली. त्या तिघांतला सगळ्यात म्हातारा पहारेकरी म्हणाला होता, "साहेब, दिवसा दुसरीकडे पाळी करतो, रात्री इथे. माणूस झोपणार कधी?" ती ओळ त्यांनी लिहिली होती आणि मग जागा कमी पडली म्हणून स्वतःच कापली होती. जागा कमी नव्हती. त्या ओळीनं बातमी मऊ झाली असती.

एक पन्नासला दार उघडलं.

बातमीदारांनी बादलीतले पाय गुपचूप बाहेर काढले. मुंगी दारात आली, खुर्चीकडे पाहून थबकली. आजोबांचे डोळे उघडे होते. हे तिच्या क्रमात बसत नव्हतं. तिच्या घशातून तो बारीक, चढत जाणारा आवाज निघायला लागला. तो चढला की दोन तास उतरत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आता रात्र आहे," बातमीदार हलक्या आवाजात म्हणाले. "झोपायचं."

मुंगी जवळ आली. तिनं त्यांचा चष्मा काढला. एक दांडी मिटली, दुसरी मिटली, टेबलावर ठेवला. कालचं वर्तमानपत्र शोधून त्यांच्या छातीवर पसरलं, कोपरे ओढून सरळ केले. चपला जोडीनं लावल्या, एकीत निळं झाकण ठेवलं. दिवा मालवला. मग अंधारात तिची दोन गार बोटं त्यांच्या पापण्यांवर आली आणि पापण्या खाली ओढल्या.

"झोपायचं," मुंगी म्हणाली.

हा बारावा शब्द होता.

बातमीदारांनी डोळे मिटून घेतले. ती त्यांच्या पोटऱ्या आणि भिंत यांच्या फटीत शिरली, पाठ घट्ट टेकवली आणि बसली. झाकणांचा टिक टिक आवाज येत राहिला. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली, दोनदा खोकला दाबताना प्राण कंठाशी आले. पण ते हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ते डोळे मिटून जागे होते. तीन चाळीसला ती उठली आणि आपल्या पायांनी अंथरुणात गेली.

म्हणजे गेले तीन शुक्रवार पाच वर्षांची मुलगी रात्री दोन तास जागी होती, आणि त्या दोन तासांत तिनं घरातल्या एका मोठ्या माणसाला रीतसर झोपवलं होतं.

सहाला लेक बाहेर आली. "नाही उठली ना?"

"एक पन्नासला उठली," बातमीदार म्हणाले. "तीन चाळीसला झोपली. मागच्या शुक्रवारीही उठली असणार. त्याच्या मागच्याही. मला माहीत नाही, कारण मी झोपलो होतो. तिन्ही शुक्रवार मी खोटे लिहिलेत."

लेकीनं वही उघडून तिन्ही शुक्रवार पाहिले.

"तुमच्याकडेही उठते?"

"हो."

"एक पन्नासलाच?"

"एक पन्नासलाच."

ती तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "मला वाटलं, फक्त माझ्याकडे उठते," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि मग हसणं राहिलं बाजूला. बातमीदारांना काय करावं कळेना. त्यांनी वर्तमानपत्र उचलून तिच्या मांडीवर पसरलं आणि कोपरे सरळ केले. दुसरं काही त्यांना शिकवलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "तीन शुक्रवार, बाबा. तीन शुक्रवार ती एकटी अंधारात फिरत होती. काही झालं असतं म्हणजे?"

बातमीदार उठून बाहेरच्या दाराची वरची कडी पुन्हा तपासून आले.

"ते कात्रण दुसऱ्या भिंतीवर लावू का?" बायकोनं आतून विचारलं. "डोक्यावर पडेल एखाद्या दिवशी."

रविवारी केंद्रात बारा-तेरा पालक होते. सगळ्यांच्या डोळ्यांखाली एकाच मापाची काळी वर्तुळं, हातात वह्या. बाईंनी बातमीदारांची ओळख करून दिली तेव्हा तेरा पेनं उघडली गेली. बातमीदारांनी खिशातून कागद काढला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही खुलासा छापू दिला नव्हता. अगदीच अंगाशी आलं तर आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. आता उभं राहून वाचायची वेळ आली होती.

"खुलासा," त्यांनी वाचलं. "दिनांक अमुक, अमुक आणि अमुक या तीन शुक्रवारी माझ्या नातीच्या झोपेच्या वहीत 'रात्रभर शांत झोप, जाग नाही' अशी नोंद आहे. ही नोंद वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र ती नातीची नसून माझी आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे. बाकीच्या सगळ्या रात्री माझ्या मुलीनं लिहिल्या आहेत आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ती जागी होती."

 मग मागच्या रांगेतला एक बेकरीवाला, ज्याचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा, वही मिटत म्हणाला, "माझे सगळे मंगळवार बघा बाई. सगळे एकाच वेळी, एकाच पेनानं लिहिलेत."

"मी वेळा अंदाजानं टाकते," एक आई म्हणाली. "घड्याळ बघितलं की रडू येतं."

"मी नवऱ्याच्या रात्री बऱ्या दाखवते," दुसरी म्हणाली. "नाहीतर तो पुन्हा बसायचा नाही."

बाई एकेकाकडे बघत राहिल्या. चार महिन्यांचे आलेख त्यांच्या पिशवीत होते. त्या रागावल्या नाहीत. हातातलं पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी या आठवड्यात सलग पाच तास कोण झोपलंय?" एकच हात वर गेला. तो बातमीदारांचा होता, आणि बायकोनं तो खाली ओढला.

डॉक्टरांची वेळ सोडली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोह बरंच कमी निघालं (त्यानंही झोप मोडते म्हणे), औषध सुरू झालं. शिवाय पोटऱ्या आणि भिंत यांच्या फटीचं ऐकून बाईंनी मुंगीच्या अंथरुणाला दोन्ही बाजूंनी जड लोड लावायला सांगितले. आता ती आठवड्यातून तीन-चार रात्री सलग झोपते. बाकीच्या रात्री एक पन्नास. लेकीच्या चहाचं पातेलं गॅसवर असतं. याहून मोठा चमत्कार कुणी सांगू लागला तर त्याची वही तपासावी.

शुक्रवार बातमीदारांकडेच राहिला, पण बारानंतर बायको उठून समोरच्या खाटेवर बसते, विणकाम घेऊन. तो भरवसा नव्हे, ती देखरेख आहे, असं तिनं स्वच्छ सांगितलं आहे.

महिन्याभरानं केंद्रानं नवी वही छापली, सगळ्या पालकांसाठी. बातमीदारांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली. चौतीस वर्षं त्यांनी सरकारविरुद्ध, कारखान्यांविरुद्ध, पालिकेविरुद्ध लिहिलं होतं आणि त्यानं कुठल्याही कार्यालयातला एक कागदही बदलला नव्हता. इथे बदलला होता. पहिला रकाना नवा होता: "नोंद लिहिणारी व्यक्ती रात्री स्वतः जागी होती का? हो / नाही."

"तुमच्यामुळे," बाई म्हणाल्या होत्या.

त्या शुक्रवारी त्यांनी रात्री दहाला नवी वही उघडली. छाती थोडी फुगली होती. पेन्सिल 'हो'वर नेली आणि, जुनी सवय, हलकीशी खूण करून ठेवली.

सहाला त्यांना जाग आली. समोर बायको विणत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त सुईनं टेबलाकडे दाखवलं. चष्मा टेबलावर होता. दांड्या नीट मिटलेल्या.

बातमीदारांनी चष्मा घातला, खोडरबर शोधलं, आणि 'हो'वरची खूण पुसून 'नाही'वर केली.